कॅसेटवरचा गंज

दुरुस्तीच्या दुकानात मास्तर बिघडलेला मिक्सर पोटाशी धरून नंबराची वाट पाहत होते. पुढच्या पन्नाशीच्या गृहस्थांनी जुना व्हिडिओ गेम आणला होता. कारागीर त्याची कॅसेट भिंगाखाली धरून बसला होता.

"काका, गेम ठणठणीत आहे. कॅसेटच्या टोकाची धातूची पट्टी गंजलीय. अडकली की फुंकर मारायचात ना?"

"दादा मारायचा. मला हात लावू द्यायचा नाही. वडील म्हणायचे, एवढा दम अभ्यासाला लावला असता तर डॉक्टर झाला असता."

"त्या दमानंच वाट लावली. थुंकी उडते, ओल धरते. सांगा त्यांना."

"मागच्या वर्षी गेला तो."

"अरेरे. द्या, स्पिरिटनं पुसतो. नव्यासारखी चालेल."

"हे डाग सगळे निघतील?"

"नावालासुद्धा राहणार नाहीत."

"मग नको."

"अहो, चालणार नाही ती!"

"घरी असे नऊ गेम आहेत माझे. सगळे नव्या टीव्हीला जोडून घेतलेत. चालणाऱ्यांची ददात नाही."

"काका, गंज पसरतो. हळूहळू अख्खी पट्टी खाईल."

"हळूहळूच ना? मग असू दे."