मोहर्लीची चुप्पी अन् मासोळीची टीम

...अन् मासोळी! मले सांगा, चंद्रपुरात मासोळीच्या नावाची टीम! जिथी चौकात वाघ, बसस्टँडवर वाघ, ऑटोच्या पाठीवर वाघ, लग्नाच्या पत्रिकेवर गणपतीच्या बाजूले वाघ, तिथी ह्या लोकाइनं बास्केटबॉलची टीम आणली तं तिचं नाव काय? शार्क्स! म्हंजे आधी ती टीम समुद्राकाठच्या शहरात होती, तिथी ते नाव शोभून दिसे, मंग तिथला हॉल गेला हातातून, तं टीम उचलली अन् हजार किलोमीटर इकडे जंगलात आणून बसवली, अन् लीगचा नियम म्हणे असा का पह्यल्या सीझनले नाव बदलवता येत नाई. झालं! गावभर बोर्ड लागले, दात काढलेला मासा. माह्यी बायको सलीमा त्या बोर्डाखाली पाच मिनिटं उभी राह्यली अन् म्हणे, "अजी, येवढ्या मासोळीचं कालवण कोन्या गंजात शिजवतीन?" त्या दिवसापासून साऱ्या गावात टीमचं नाव मासोळी. तक्रार नाई हो, सांगून राह्यलो फक्त.

माह्यं नाव तं तुमाले माहीत असनच. नाई? कमाल करता बाप्पा! वहाब माईकवाला! बावीस वर्षं झाली, ह्या दोन जिल्ह्यात माईक म्हटलं का वहाब. कबड्डी माह्याकडे, झाडीपट्टीच्या नाटकाची जाहिरात माह्याकडे, शंकरपटात तं बैल सुटाच्या आधी माह्यं तोंड सुटते, अन् महाकालीच्या यात्रेत हरवलेल्या किती म्हाताऱ्या मी मायकावरून घरी पोचवल्या त्याचा हिशोब नाई. तं टीमच्या मॅनेजर नीलिमा मॅडम मले भेटाले आल्या. एकदम शुद्ध बोलते बाई. "वहाबजी, आम्हाला प्रेक्षकांमध्ये ऊर्जा हवी आहे." म्हटलं मॅडम, ऊर्जा? चंद्रपुरात येऊन ऊर्जा मांगता? अर्ध्या महाराष्ट्राचे पंखे आमच्या भरोशावर फिरते! मॅडम हासल्या अन् मले पक्क्या नोकरीवर घेतलं. पक्की नोकरी! बावीस वर्षांत पह्यल्यांदा! सलीमानं साऱ्या मोहल्ल्याले शेवया खाऊ घातल्या, अन् मी आरशासमोर उभा राहून "थ्री पॉईंटर्रर्र" म्हणाची प्रॅक्टिस केली, इतकी का शेजारचा बकरा दोन दिवस चारा खाये ना.

अन् मंग सुरू झाला सीझन... अन् काय सांगू!

पह्यली मॅच हरले. दुसरी हरले. तिसरीत हॉलचं टिन गळाले लागलं, बरोबर बास्केटच्या खाली, तिथी बादली ठेवली, तं आपल्याच प्लेयरचा पाय बादलीत! कोच साहेब कोल्हापूरचे, ते हातातला कागद फेकून, "आरं, ही मॅच हाय का धुणं धुवायलाईस रं?" पोट्टे बिचारे समुद्राच्या हवेत वाढलेले, इथली जुलैची चिपचिप त्याइले सोसे ना. एक सहा फूट अकरा इंचाचा गडी होता, पंजाबकडचा, त्याचं खरं नाव कोनाच्या तोंडात बसे ना म्हणून गावानं त्याले सागवान म्हणाले सुरुवात केली. त्याले टीमवाल्याइनं 'लोकांशी ओळख' म्हणून चामोर्शीले धानाचा रोवणा पाहाले नेलं. तुमी-आमी धुऱ्यावर उभं राहून पाह्यलं असतं का नाई? हा बांधीत, म्हंजे धानाच्या चिखलातच उतरला! गुडघ्यापर्यंत फसला. अन् त्याचा गुडघा म्हंजे आपली कंबर! आठ बाया लागल्या त्याले उपटाले, अन् त्याच्यातली एक म्हणे कशी, "बाई वं, ह्याले इथीच राहू द्या, पुढच्या साली दोन होईन." पोट्टं इतकं हासलं, इतकं हासलं, का त्या दिवशी ते आमचं झालं. मॅच मात्र चौथी पण हरले.

गावचे लोकं नवलाई होती तोवर आले, मंग खुर्च्या रिकाम्या. नीलिमा मॅडमचं तोंड एवढंसं. तवा अक्कल कोनं चालवली? मीनंच चालवली! म्हटलं मॅडम, पावसाळ्यात ताडोब्याचं आतलं गेट बंद राह्यते, मोहर्लीचे गाईड, जिप्सीवाले, त्याइच्या घरचे, सारे रिकामे बसून असते, त्याइले बस पाठवा. पाठवल्या. अन् भरला ना हॉल! गच्च भरला! पह्यल्या रांगेत सुकलूभाऊ, मोहर्लीचा सगळ्यात जुना गाईड, डोक्याले टॉवेल, गळ्यात दुर्बीण. मॅच पाहाले दुर्बीण! मी जोशात मायकावर, "चंद्रपूऽऽर, तय्यार आहे काऽऽ?" मॅच सुरू झाली, सागवाननं बॉल घेतला, निघाला बास्केटकडे, आता माणसानं काय कराले पाह्यजे? उठून ओरडाले पाह्यजे, शिट्ट्या माराले पाह्यजे, बरोबर? सुकलूभाऊनं हात वर केला. असा, पंजा उघडा. अन् आठशे लोकं... चूप!

चूप म्हंजे कशे चूप? खुर्ची वाजत नाई. कोनी खोकत नाई. एका बाईच्या मांडीवरचं लेकरू रडत होतं, ते पण चूप! सागवाननं बॉल टाकला, पॉईंट झाला, तरी चूप. फक्त रांगेरांगेतून कुजबुज जाऊन राह्यली, "डावीकडे... डावीकडे पाय... आता वळते..."

दुसऱ्या टीमवाल्याइची तं मजाच झाली. हे फ्री थ्रो असते ना, म्हंजे आपल्यावाल्यानं धक्का मारला का समोरच्याले उभ्या उभ्या फुकट बॉल टाकाले भेटते, कोनी आडवं येत नाई, तवा घरच्या लोकाइनं इतका कल्ला कराचा असते का त्याचा नेम चुकला पाह्यजे. आमच्या इथी तो आरामात टाके, एकावर एक. कोच साहेब मले म्हणे, "वहाबभाई, ही माणसं हैत का फोटू?" सागवान बिचारा आंघोळीच्या खोलीत तोंड धुताधुता मले इचारे, "भाईजान, ये लोग हमसे नाराज हैं क्या?" तक्रार नाई हो, सांगून राह्यलो फक्त.

मॅच संपल्यावर धरलं मी सुकलूभाऊले. म्हटलं भाऊ, काऊन असे बसता? तं तो माह्याकडे असा पाहे जसा मीच येडा. "वहाबभाऊ, जनावर दिसलं तं बोलाचं नसते. आवाज केला तं निघून जाते." म्हटलं अरे तो माणूस होय, सागवान होय! म्हणे, "मोठा आहे ना?" मी म्हटलं, पण भाऊ, आपण हरलो ना आज, बारा पॉईंटनं हरलो! तं म्हणे, "हारलो त हारलो. तीनदा समोरून गेला. दोनदा त असा जवळून, त्याचा घाम उडाला माह्यावर. याले साइटिंग म्हणते भाऊ! कितीक लोकं मुंबईवरून येते, तीन दिवस बसते, शेपटी पण दिसत नाई." अन् सारे खुश! बसमध्ये गोष्टी करत करत गेले. असे हरून खुश होणारे लोकं मी जन्मात पाह्यले नाई, अन् खरं सांगू, मले ते भलकसे आवडले.

पण मालकाले काय त्याचं? मालक मुंबईचे. त्याइचा निरोप आला, का शेवटची घरची मॅच मी स्वतः पाह्यतो, हॉल असाच मेल्यावानी असन तं पुढच्या साली टीम दुसऱ्या शहरात. म्हंजे पोट्ट्याइनं पुन्हा पेट्या बांधाच्या! पुन्हा नवा गाव, नवी खोली. सागवान आत्ता कुठी बोडी म्हणजे तळं अन् धुरा म्हणजे बांध शिकला होता. नीलिमा मॅडमनं तं अंगणात कारल्याचा वेल लावला होता, त्याले आत्ता फुलं आले होते. अन् माह्यी नोकरी? ती तं टीमच्या शेपटीलेच बांधलेली. मॅडम म्हणे, "वहाबजी, आता सगळं तुमच्या आवाजावर आहे." मले रात्री, म्हंजे खोटं नाई बोलत, भूकच लागे ना.

गेलो मोहर्लीले. मायक घेऊन गेलो. साऱ्याइले झाडाखाली गोळा केलं अन् म्हटलं, चला, ओरडाले शिकू. ओरडा! तं सुकलूभाऊ म्हणे, "कोणावर?" म्हटलं कोणावर नाई, असंच! तं म्हणे, "असंच कसं वरडाचं?" म्हटलं घरी तरी प्रॅक्टिस करा. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "वहाबभाऊ, वरडलो मी. वाडीत उभा राहून वरडलो. बायको कुऱ्हाड घेऊन धावली, शेजारच्या चैतूनं गाईवासरं आत घेतले, अर्धं गाव काठ्या घेऊन आलं." मी हासलो. तो हासला नाई. म्हणे, "आमच्या गावात मानूस वरडला म्हंजे वाघ आला. तं खोटं वरडाले सांगू नोको भाऊ. एक डाव खोटं वरडलं, अन् मंग खरा आला, तवा कोन धावन?"

...मी फोन ठेवला. बावीस वर्षांत मले कोनी असं चूप नाई केलं. खरी गोष्ट होती ना त्याची! माह्यी नोकरी मोठी का गावचा जीव मोठा? म्हटलं जाऊ दे, वहाब, जे होईन ते होईन.

शेवटची मॅच. मालक पांढरे बूट घालून पह्यल्या रांगेत, बाजूले सुकलूभाऊ दुर्बीण घेऊन. अन् त्या दिवशी आमचे पोट्टे खेळले बाप्पा! असे खेळले का कोच साहेबाचा कागद हातातच राह्यला! शेवटचे तीन सेकंद, आपण एका पॉईंटनं पुढे, अन् घात झाला, सागवानचा हात लागला समोरच्याले. फ्री थ्रो! दोन बॉल! एक गेला तं बरोबरी, दोन गेले तं आपण हरलो. अन् टाकणारा कोन? त्याइचा सगळ्यात पक्का गडी, साऱ्या सीझनमध्ये दोनदाच चुकलेला. नीलिमा मॅडम माह्याकडे पाहून राह्यल्या. मी मायक तोंडाजवळ नेला, छाती भरून हवा घेतली, म्हटलं मी एकटाच ओरडतो, आठशे माणसाइचं मी एकटाच ओरडतो... अन् सुकलूभाऊनं मागं वळून माह्याकडे पाह्यलं. अन् हात वर केला. पंजा उघडा.

मी तोंड बंद केलं.

चूप. सारा हॉल चूप. बादलीत पाणी पडून राह्यलं, टप्... टप्... अन् तो गडी, साऱ्या देशात ज्याच्या कानाजवळ ढोल वाजवले, ज्याले शिव्या दिल्या तरी ज्याचा नेम हालला नाई, तो बॉल आपटता आपटता थांबला. इकडे पाह्यलं. तिकडे पाह्यलं. सोळाशे डोळे त्याच्यावर, अन् डोळे कसे? पापणी नाई हालत! गवत हाललं का पाहाची सवय असलेले डोळे! त्याले वाटलं आपल्या मागं काही उभं आहे. खरंच सांगतो, त्यानं मागं वळून पाह्यलं! रेफरीले इचारे, "सर, पीछे क्या है?" रेफरीनं पण पाह्यलं! हात पुसले, टाकला... रिंगले लागून बाहेर. दुसरा टाकला, तो तं रिंगलेही लागला नाई, सरळ बादलीत! सागवाननं बादलीतून बॉल उचलला, भोंगा वाजला, जिंकलो! अन् तरी चूप! सुकलूभाऊनं सावकाश हात खाली केला, दुर्बीण पुसली अन् म्हणे, "झालं साइटिंग." तवा कुठी टाळ्या.

मालक उठले. अंगावर काटा आलेला, बाही वर करून मॅडमले दाखवे. म्हणे, "शोर तो हर शहर में है. ये सन्नाटा कहाँ मिलेगा?" टीम राह्यली! पेट्या खोलल्या, सागवाननं मले उचलून खांद्यावर घेतलं, तिथून पंख्याले डोकं लागता लागता वाचलं, मॅडमच्या डोळ्यात पाणी. माह्या पण. काऊन लपवू?

दुसऱ्या दिवशी मॅडमनं बोलावलं. "वहाबजी, तुमची नोकरी पक्की. फक्त एक विनंती. सामना सुरू झाला की तुम्ही बोलायचं नाही." म्हटलं मंग मी करू काय? म्हणे, "सगळ्यांना दिसाल असं बसायचं. माईक हातात धरून. वहाबभाई गप्प आहेत म्हटल्यावर शहरातले लोकही आपोआप गप्प बसतील." म्हंजे पाहा! ह्या दोन जिल्ह्याचा माईकवाला, त्याचं काम काय, तं चूप बसणे!

घरी आलो, सलीमाले सांगतलं. ती तांदूळ निवडून राह्यली होती, मान पण वर केली नाई. म्हणे, "बावीस वर्षं झाली, मी रोज सांगून राह्यली, चूप बसा, चूप बसा, तं कोनी ऐकलं नाई. आता मॅडमनं सांगतलं तं त्याले नोकरी म्हणते."

मी काही बोललो नाई. म्हटलं, तेवढीच प्रॅक्टिस.