तळ्याकाठचा दगड आणि सुगंधाताईचं माहेर

मंडळी, एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग पुढं जाऊ. आपल्याच माणसाचं चालू काम आपण अडवावं का? परक्याचं नव्हे हो, परक्याचं अडवायला आपण सदा तयार! सख्ख्या भावाचं काम. अडवावं? ...बघा, टाळकऱ्यांनीसुद्धा टाळ खाली ठेवले.

तर ऐका. आमणोली नावाचं गाव. तिथली पोलीस पाटील एक बाई, सुगंधाताई. माहेर कुठं? मधे एक बांध, बांधापलीकडं माहेर. धाकटा भाऊ बाळाराम. त्यानं आमणोलीच्या तळ्याकाठी जमीन घेतली, प्लॉट पाडायचे ठरवले. तळं निम्मं बुजवायचं आणि वर रस्ता करायचा. सकाळी नारळ फुटला, जेसीबी सुरू झाला — आणि तासाभरात बकेटला खण्णकन काहीतरी लागलं!

पुरुषभर उंचीचा दगड. वर चंद्र-सूर्य कोरलेले, खाली अक्षरं, त्याखाली चिखल. झालं, गाव लोटलं. आणि आपलं गाव म्हणजे कसं — निम्मं म्हणालं, "देव निघाला." एकजण धावत तेल-शेंदूर घेऊन आला, चौघं उचलायला वाकले, म्हणे देवळात नेऊ. बाळाराम म्हणाला, "कसला देव? भरावात ढकला आणि काम चालू ठेवा."

आता बघा गंमत. एकाला दगड पुरायचाय, दुसऱ्याला पुजायचाय. शेंदूर अक्षरात गेला की वाचणार कोण? आणि जागेवरून हलवला, तर तो कशाची साक्ष देणार? पुरणारा आणि पुजणारा दोघं मिळून त्याचा जीवच घेणार होते, मंडळी.

सुगंधाताई आली. पदर खोचलेला, कपाळावर आठी. म्हणाली, "कोणी हात लावायचा नाही. जमिनीतून जुनं काही निघालं तर काम थांबवायचं आणि सरकारला कळवायचं, असा कायदा आहे. मी तहसीलला फोन केलाय. संध्याकाळपर्यंत साहेब येतायत." आणि दगडाशेजारी चिखलातच बसली.

बाळाराम जवळ आला. आवाज खाली करून म्हणाला, "ताई, ऊठ. लोकं बघतायत."

"बघू दे."

"साहेब यायच्या आत भराव पडला, तर कुणाला कळणार नाही."

"मला कळेल ना."

तो चिडला. "मग ऐक. आज काम थांबलं तर माहेरची वाट बंद समज."

मंडळी, माहेर सुटणं म्हणजे काय, ते इथल्या बायकांना विचारा. म्हातारी आई तिकडं, पाट मांडून वाढलेला घास तिकडं. सुगंधाताईच्या डोळ्यांत पाणी आलं. आलंच! ती काही दगडाची नव्हती. डोळे पुसले आणि म्हणाली, "वाट बंद केलीस तर बांधावरनं येईन. पण इथनं उठणार नाही."

दुपार झाली. ऊन डोक्यावर. शेंदूरवाले कंटाळून जेवायला गेले, भक्तीला भूक लागते. ही हलली नाही.

चार वाजता तहसीलनं धाडलेले पुरातत्त्व खात्याचे साहेब आले. तरुण पोरगा, लाजरा. त्यानं पाण्यानं दगड हळूच धुतला. खालचा चिखल गेला — आणि तिथं निघालं एक गाढव, आणि एक बाई! दोघं काय करतायत, ते नारदाच्या गादीवरून मी सांगणार नाही. ज्यांना कळलं ते हसतायत, ज्यांना नाही कळलं ते सुखी आहेत.

साहेब वाचायला लागले. "हे तळं आणि ही सीमा गावाच्या पाण्यासाठी दिली आहे. जो कोणी हे मोडील, त्याच्या आईला..." आणि साहेबांना खोकला आला.

बाळाराम म्हणाला, "पुढं वाचा की. आईला काय?"

साहेब पुन्हा दगडावर पाणी ओतायला लागले. सुगंधाताईच बोलली. "चित्र बघ की, बाळ्या. त्या काळचा कायदा आहे तो. तळं मोडणाऱ्याला शिवी नाही दिली, त्याच्या आईला दिलीय. तू तळं बुजवणार, आणि शिवी कुणाला? आपल्या आईला. ती तुझी तशी माझीपण आहे."

बाळारामनं वाकून ते गाढव नीट पाहिलं. मग ड्रायव्हरला म्हणाला, "मशीन मागं घे."

सरकारी कागद आला. दगड जागेवर राहील, तळं राहील, प्लॉटांचा नकाशा बदलायचा. बाळारामनं तो बदलला, पण रुसवा काही सोडला नाही. भाऊबीजेचं बोलावणं धाडलं नाही. सुगंधाताई गेली! बांधावरनं गेली, ओवाळणीचं ताट घेऊन. तर आईनं पाट आधीच मांडून ठेवला होता आणि बाळाराम त्यावर मान खाली घालून बसला होता.

बरं. आमणोलीचं झालं, आता आपलं. मंडपाबाहेर ज्या लांबट दगडावर तुम्ही सगळ्यांनी चपला काढल्यात ना, त्याच्या कडेला अर्धा चंद्र आहे. मघाशी येताना मी पाहिला. खाली अक्षरं आहेत, चपलांखाली. ती शिवी कुणाच्या आईला लागतेय, मला माहीत नाही. जाताना प्रत्येकानं आपली चप्पल मुकाट्यानं उचलायची, दगड तसाच राहू द्या. शेंदूर नको! आणि उद्या सकाळी तहसीलला कोण जाणार, तेवढा हात वर करा.

...मी थांबतो. हात वर झाल्याशिवाय आरती नाही.