पेन्सिलीनं लिहिलेलं गाव

सुमनवहिनी, मुख्याध्यापक महोदय, आणि गावंडे सरांच्या विद्यार्थ्यांनो,

मला बोलता येत नाही. या शाळेत मी जन्मभर चित्रकला शिकवली, म्हणजे फळ्याकडे तोंड आणि तुमच्याकडे पाठ. ते बरं होतं. गेल्या मंगळवारी गावंडे गेला, आणि आज त्याच्याबद्दल बोला म्हणून मला उभं केलंय. मी गोड बोलायला आलेलो नाही. मला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती तुमच्या सगळ्यांसमोरच करायची आहे.

माझ्या मागे हा जो सतरंजीएवढा नकाशा टांगलाय, तो तुम्ही ओळखता. बेल रिव्हिएर. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावरचं खेडं. तुम्ही पोरं त्याला बेलगाव म्हणायचात. भूगोलात एका खेड्याची पाहणी करायची असते. सगळ्या शाळा कामठी नाही तर खापरखेडा गाठत. आमच्या गावंड्यानं सातासमुद्रापारचं खेडं धरलं! वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात त्याला तिथल्या मास्तरांचा पत्ता सापडला होता. रामलोचन मास्तर. दर महिन्याला एक निळं हवाई पत्र जायचं. पत्र एकच, त्यामुळे प्रत्येक पोराला एकच ओळ, एकच प्रश्न. तुमच्या गावात विहिरी आहेत का? बैल आहेत का? शाळेला सुट्टी कधी असते?

उत्तरं यायची. पश्चिमेला समुद्र, त्याच्या अलीकडे खेकड्यांची दलदल, मग सपाट उसाची जमीन, पूर्वेला कोकोच्या टेकड्या. आधी तिथे रानातली माणसं होती, ती संपली. मग आफ्रिकेतून गुलाम आणले. ते सुटले, तेव्हा कलकत्त्याहून जहाजं भरून आपली माणसं नेली, करारावर. करार संपल्यावर काहींनी परतीच्या प्रवासाऐवजी जमिनीचा तुकडा घेतला आणि तिथेच राहिली. रामलोचन मास्तरांचा आजा त्यातलाच. तिकडेही आजाच म्हणतात, हे वाचलं त्या दिवशी गावंडे स्टाफरूममध्ये टेबलावर थाप मारून हसला होता. "ऐकून राहिला का गा? आजाच म्हणतात!"

आणि त्याचा नियम तुम्हाला आठवतो? खात्रीचं असेल ते शाईनं. ऐकीव असेल ते पेन्सिलीनं. दुसऱ्या पत्रानं पक्कं झालं, की मगच शाई. कितीदा त्यानं मला एकेका ओढ्यासाठी महिनाभर थांबवलंय! मी चिडायचो. तो म्हणायचा, "चुकीच्या नकाशापरीस कोरा कागद बरा."

मग काचबिंदूनं त्याचे डोळे गेले. त्याची पत्रं मी वाचायची, नकाशात मी भरायचं, असं ठरलं. आता दिसणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्याच पंधरवड्यात रामलोचन मास्तरांचं पत्र आलं. ते माझ्या हाती पडलं.

वहिनी, ते पत्र तुम्हीही ऐकलेलं नाही. साखर कारखाना बंद झाला होता. ऊस शेतात उभा, घ्यायला कोणी नाही. पोरं शहरात गेली, काही परदेशात. शाळेला कुलूप लागलं. मास्तर मुलीकडे कॅनडाला निघाले होते. शेवटी लिहिलं होतं, आता प्रश्न पाठवू नका, उत्तर द्यायला इथे कोणी उरणार नाही.

मी ते खिशात घातलं.

का? त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं म्हणून. निदान मी मला तसं सांगत होतो. संध्याकाळी त्याच्या बाजेजवळ बसलो. कागदाचा आवाज यावा म्हणून हातात एक जुनंच पत्र धरलं आणि मनानंच रचून वाचत गेलो. मास्तर मजेत आहेत. खेकडे भरपूर आहेत. त्यानं ऐकलं, खूश झाला. महिन्यानं पुन्हा तेच. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा. मी म्हटलं, "दिवाळी झाली, आता गावात ऊसतोडणी जोरात आहे."

त्यानं माझ्याकडे तोंड वळवलं.

माझं काय चुकलं ते मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. आपल्याकडे दिवाळी झाली की ऊस तुटतो. तिथे दिवाळी भर पावसात येते. तिथला ऊस जानेवारी लागल्याशिवाय तुटत नाही. हे तुमच्यातल्या दहावी पास झालेल्या कोणालाही विचारा. मीच ते नकाशावर शाईनं लिहिलं होतं. खोटं गाव उभं केलं आणि त्यात आपला पाऊस घातला!

तो म्हणाला, "लिहून टाक नकाशात. पण पेन्सिलीनं लिही गा."

एवढंच. काहून खोटं बोलून राहिला, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी वाट बघत होतो, त्यानं विचारावं म्हणून. कदाचित तोही वाट बघत असेल, मी सांगावं म्हणून. त्यानंतर त्यानं कधी पत्र मागितलं नाही. मी रोज जायचो. आम्ही थंडीबद्दल बोलायचो, भाजीबद्दल बोलायचो. नकाशा त्याच्या घरी भिंतीला होता आणि दोघांपैकी कोणी त्याचं नाव काढत नव्हतं. असा सारा हिवाळा गेला. मित्र म्हणे मी त्याचा!

त्याचं गाव गेलं हे त्याला कळलं नाही. मी खोटं बोलतो, तेवढं मात्र कळलं. ते घेऊन तो गेला. आता मी कोणाला सांगू? फोटोला? तुम्ही मला माफ करा असं मी म्हणणार नाही. तुम्ही माफ करून काय होणार?

पण नकाशा तुमचा आहे. एकेका प्रश्नानं तुम्ही तो भरलाय. तो चुकीचा राहू नये.

तर सगळे उभे राहा. दोन मिनिटं शांत राहा, गावंड्यासाठी आणि त्या गावासाठी. मला तेवढा वेळ पुरेल. त्या तीन खोट्या पत्रांतून पेन्सिलीनं भरलेल्या माझ्या तीन ओळी मी रबरानं खोडतो आणि तिथे शाईनं लिहितो. कारखाना बंद. शाळा बंद. गाव उठलं.

गावंडे, हे खात्रीचं आहे गा.