प्रबंधाची एकमेव फ्लॉपी

हसू नका, पण त्या चार दिवसांत मला धड जेवण गेलं नव्हतं. जर्मनीत गार्चिंगला मुलाच्या घरी मी माझा जुना कॉम्प्युटर जपून ठेवलाय. माझ्या पीएचडीच्या प्रबंधाची एकमेव प्रत त्याच्या फ्लॉपीवर आहे. दसऱ्यानंतर ती घातली, तर पडद्यावर सारखं 'रीड एरर'. वाटलं, मीच कधीतरी ती चुंबकाजवळ ठेवली असणार.

"अहो, प्रत्येक वेळी तुमचंच कसं चुकतं?" बायको म्हणाली.

शेवटी शेजारच्या म्युलरसाहेबांना बोलावलं. ते निवृत्त इंजिनिअर. त्यांनी ड्राइव्ह उघडून चिमट्याने तांदळाचा एक लालसर दाणा बाहेर काढला.

"हे काय?"

"अक्षता," ही ओशाळून म्हणाली. "दसऱ्याला आम्ही यंत्रांची पूजा करतो. फटीतून आत गेली असेल."

त्यांनी गंभीरपणे विचारलं, "पूजेआधी प्लग काढला होता ना?"

"हो."

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत त्यांनी ड्राइव्ह पुन्हा बसवला.

फ्लॉपी चालली, प्रबंध उघडला. आणि पहिल्याच समीकरणात मला अधिकच्या जागी उणे दिसलं. ते मी हिला अजून सांगितलेलं नाही.