सात मिनिटं पुढचं घड्याळ

काका : आज आलेली पाचही घड्याळं बरोबर आहेत. एकमेकांत सेकंदाचा फरक नाही. मग लोक ती दुरुस्तीला का आणतायत?

पुतणी : आणताना काय सांगतात?

काका : मागे पडतं म्हणे. प्रत्येकाचं सात मिनिटं. पंधरा दिवसांत तेवीस जण आले. एकेक उघडलं, भिंग लावून पाहिलं, दोष म्हणून सापडेना. वाटलं, संपलं आपलं, डोळे गेले. तुझ्या काकूला सांगूनही टाकलं, महिनाअखेर दुकान बंद.

पुतणी : काका! मला एका शब्दाने बोलला नाहीत.

काका : तुला काय बोलणार, तू वेबसाइटवाली. पण आज एकाला विचारलं, बाबा रे, मागे पडतं ते कशावरून ठरवलंस? तर म्हणतो, तुमच्याच वेबसाइटवर घड्याळ आहे की. लाव बघू ती.

पुतणी : ही घ्या. अगंबाई.

काका : किती?

पुतणी : सात मिनिटं पुढे.

काका : आणि त्याच्या खाली काय लिहिलंयस? मोठ्याने वाच.

पुतणी : 'अचूक वेळ, तीन पिढ्या.' काका, पण ते घड्याळ माझं नाही. विजेट आहे ते, बाहेरचं. मी आपल्या पानात एक ओळ तेवढी टाकली. पान उघडलं की ती ओळ त्या माणसाच्या सर्व्हरवरून घड्याळ आणून दाखवते.

काका : घड्याळजीच्या दुकानात दुसऱ्याचं घड्याळ!

पुतणी : फुकट होतं.

काका : तरीच. आणि उद्या त्याला वाटलं की तिथे माकड नाचवावं, तर?

पुतणी : नाचेल. त्याने तिकडे बदललं की आपल्याकडे आपोआप बदलतं. ती ओळ आपल्या पानावर काहीही करू शकते.

काका : म्हणजे दुकानाची किल्ली दिलीस त्याला. ना ओळख ना पाळख.

पुतणी : सगळेच देतात हो.

काका : फोन लाव त्याला. दोघांनाही ऐकू येईल असा.

पुतणी : त्याच्या साइटवर नंबर आहे, लावते. हं, उचलला. बोला.

विजेटवाला : हॅलो?

काका : मी घड्याळजी बोलतोय. तुमचं ते विजेट सात मिनिटं पुढे आहे.

विजेटवाला : हो.

काका : हो?

विजेटवाला : मीच केलंय ना. म्हणजे बघा, मला कुठेही उशीर होतो. ताईच्या लग्नात मी पोचलो तेव्हा मांडववाले खुर्च्या उचलत होते. तीन वर्षं बोलली नाही माझ्याशी.

काका : मग मनगटावरचं घड्याळ पुढे करायचं! जगाला कशाला वेठीला धरता?

विजेटवाला : करून पाहिलं. पण ते सात मिनिटं पुढे आहे हे मला माहीत असतं, मी आपलं मनातल्या मनात वजा करतो. मग म्हटलं, सगळ्यांचंच पुढे केलं तर वजा कशातून करणार?

पुतणी : किती ठिकाणी लागलंय हे?

विजेटवाला : चार हजारांच्या वर वेबसाइटी असतील.

काका : आणि कोणी काही म्हणालं नाही?

विजेटवाला : एका शाळेचं पत्र आलं. मुलं हल्ली वेळेवर येतात, आभारी आहोत. बाकी कोणाला पत्ताच नाही. ओळखणारे तुम्ही पहिलेच.

काका : काय म्हणालात?

विजेटवाला : चार हजारांत तुम्ही पहिलेच.

पुतणी : काका? पाणी देऊ?

काका : नको. तुझ्या काकूला कळव, महिनाअखेरचं रद्द.

पुतणी : कळवते. आणि हे विजेट काढतेच मी. आपलं घड्याळ मी स्वतः लिहिते, आपल्याच सर्व्हरवर ठेवते.

काका : काढ. अहो, तुम्हीही सरळ करा ते. आजच्या आज.

विजेटवाला : करतो. पण माझं कसं व्हायचं? आत्ता कुठे ताई बोलायला लागलीय. परवा सहाला बोलावलंय, भाचीला पहिल्यांदा बघायला.

काका : मनगटावरचं घेऊन या माझ्याकडे. पुढे करून देतो.

विजेटवाला : पण मी सात मिनिटं वजा करणारच...

काका : सात कोण म्हणालं?

(दोन दिवसांनी, दुकानात.)

विजेटवाला : भिंतीवरच्या घड्याळांना फडकी का बांधलीत?

पुतणी : तुमच्यासाठी. बेचाळीस आहेत, सकाळपासून तेच चाललंय आमचं. मोबाईल द्या इकडे. परत येताना न्या.

विजेटवाला : किती पुढे केलंत? पाच? बारा?

काका : हातात घाला.

विजेटवाला : मॅडम, तुम्ही तरी सांगा.

पुतणी : मलाही सांगितलेलं नाही. मी बाहेर उभी होते तेव्हा.

विजेटवाला : मग मी वजा काय करू?

काका : काही करू नका.

विजेटवाला : ह्यात सव्वापाच झालेत. खरे किती झाले असतील हो?

काका : निघा तुम्ही.