लेटचा केक

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि या संकुलाच्या चेअरमन माननीय विनिताताई सामंत, प्रमुख पाहुणे आणि आमच्या मालवाहू विमान कंपनीचे ऑपरेशन्स हेड कॅप्टन कौस्तुभ दिघे साहेब, सत्कारमूर्ती कॅप्टन सदानंद राऊत सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या सत्यवतीकाकू, आणि रविवारची दुपारची झोप मोडून बोळिंजच्या या हॉलमध्ये आलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी अनुष्का घरत, गोखिवऱ्याची. दिघे साहेबांच्या हाताखाली को-पायलट आहे आणि बहुतेक वेळा सदानंद सरांच्या उजव्या हाताला बसून उडत आले. पुढच्या आठवड्यात माझी कॅप्टनपदाची परीक्षा आहे. ती घ्यायची की लांबणीवर टाकायची, हे दिघे साहेबांच्या हातात आहे. म्हणून तिसऱ्या रांगेतून माझी आई मघापासून डोळ्यांनी सांगते आहे, की दोन शब्द गोड बोल आणि खाली बस. आई, गोडापासूनच सुरुवात करते.

साहेबांनी परवा मला फोन करून बजावलं, की भाषण हलकंफुलकं ठेव, केकचा किस्सा सांग, लोक हसतील. साहेब, आपला शब्द मी खाली कसा पडू देईन?

तर मंडळी, आमच्या कंपनीत एक प्रथा आहे. ज्या कॅप्टनमुळे विमान उशिरा सुटेल, त्याने दुसऱ्या दिवशी ऑफिसात केक आणायचा. किती मिनिटं उशीर झाला, तो आकडा केकवर क्रीमने लिहून आणायचा. सगळ्यांनी गोल करून वाढदिवसाचं गाणं म्हणायचं आणि त्याने केक कापायचा. याला आमच्याकडे टीम स्पिरिट म्हणतात. आपण सगळे एक कुटुंब आहोत, असंही साहेब त्या वेळी आवर्जून सांगतात. मेमो नाही, शिक्षा नाही, नुसता केक. पण नातवंडं झालेली माणसं तिथे मान खाली घालून सुरी फिरवतात आणि कालपरवा लागलेली पोरं मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ काढतात. आलं का हसू? मलाही कधी आलं नाही.

या प्रथेत सर्वांत जास्त केक कुणी आणले असतील? आजच्या सत्कारमूर्तींनी. ते आळशी होते म्हणून? त्यांना विमान चालवता येत नव्हतं म्हणून? छे. ते मागे जाऊन बघायचे म्हणून.

हे जरा समजावून सांगते. आमच्या विमानात प्रवासी नसतात. खुर्च्यांच्या जागी मोठमोठ्या पत्र्यांवर बांधलेला माल असतो आणि ते पत्रे विमानाच्या जमिनीतल्या कुलपांत अडकवलेले असतात. कुलपं नीट बसली नाहीत, तर विमानाने नाक वर करताच माल मागे घसरतो. शेपूट जड झाली की ते नाक पुन्हा खाली आणणं कुणाच्या बापाला जमत नाही. पुढचं मी सांगत नाही, इथे आमच्या घरची माणसं बसली आहेत.

माल चढवणारे सही करून देतात, की सगळं ठीक आहे. बहुतेक कॅप्टन ती सही घेतात आणि निघतात. सर मात्र टॉर्च घेऊन मागे जायचे, गुडघे टेकायचे आणि एकेक कुलूप स्वतःच्या हाताने ओढून बघायचे. त्यात वेळ जायचा आणि दुसऱ्या दिवशी केक यायचा.

गेल्या दिवाळीच्या आधी ऑनलाइन सेलचा माल होता. सरांनी ओढून बघितलं, तर एक कुलूप हलकेच वर आलं. सर म्हणाले, हा पत्रा उतरवा, कुलूप दुरुस्त करा, तोवर मी निघत नाही. लगेच फोन वाजला. मी शेजारी होते, फोन स्पीकरवर होता.

"सर, मागे नुसती खोकी आहेत ना? खोकी काय तक्रार करणार आहेत?"

सर म्हणाले, "पुढे आम्ही दोघं आहोत. ही मुलगी खोकं नाही."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला. पलीकडून कोण बोलत होतं, ते मी सांगणार नाही. सत्काराचा प्रसंग आहे, पाहुण्यांचा मान राखायला हवा. एवढंच म्हणते, की त्या माणसाला उडायला सदानंद सरांनीच शिकवलं होतं. म्हणजे कुलूप सुटलं तर काय होतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मला राग येतो तो याचा. न कळणाऱ्याला माफ करता येतं. ज्याला सगळं कळतं आणि तरीही जो खोकी मोजतो, त्याला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी सरांनी केक आणला. मी त्यांना विनवलं, की आज तरी आणू नका. ते म्हणाले, "कापू दे गं. तू घरी पोचलीस ना?"

निमंत्रणपत्रिकेवर छापलंय, की सर वयोमानानुसार निवृत्त होत आहेत. आमच्या धंद्यात पासष्टीपर्यंत उडता येतं. सर एकसष्ट वर्षांचे आहेत, डॉक्टरांनी त्यांना ठणठणीत म्हटलंय. मंडळी, हे निवृत्त होत नाहीत, यांना काढलं आहे. त्यांचा करार वाढवला नाही आणि कारण दिलं, वक्तशीरपणाचा अभाव. म्हणजे ज्याला चेष्टा म्हणत होतो, त्याच केकचे आकडे मांडून माणूस घरी बसवला. वरून आता शाल आणि श्रीफळ.

सरांनी घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. काकूंना वाटायचं, यांच्या ऑफिसात वाढदिवसच फार. त्या प्रत्येक केकबरोबर घरचा चिवडा डबा भरून द्यायच्या. साहेब, तुम्ही तो मागून मागून खाल्ला आहे. काल मी काकूंच्या घरी जाऊन त्यांना खरं काय ते सांगितलं, कारण भर सभेत त्यांना कळावं, हे मला पटत नव्हतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं यांच्या अपमानाबरोबर चिवडा पाठवत होते." त्यावर सर आत जाऊन पाणी घेऊन आले, आणि मला तिथे बसवेना.

आज या टेबलावरही केक आहे, कंपनीतर्फे. सरांचे सगळे केक वसईला प्लासिड अंकलच्या बेकरीतून यायचे, हाही तिथलाच. शुक्रवारी अंकलचा मला फोन आला. म्हणाले, "अनुष्का, तुज्या कंपनीची आर्डर हाय. केकवर 'अखेर वेळेवर' लिवायला सांगतात. ह्यो सत्कार हाय का मस्करी? मी केक देतो, ता लिवनार नाय." साहेब, केकवर अक्षरं का नाहीत, असं तुम्ही मघाशी विचारत होता ना? म्हणून नाहीत. बेकरीवाल्याला लाज वाटली.

आई, तू हात जोडू नकोस, संपवतेच आहे. साहेब, माझी परीक्षा घ्या किंवा घेऊ नका. आज ना उद्या, तुमच्याकडे नाहीतर दुसरीकडे, मी कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत बसेनच. त्या दिवशी मीही टॉर्च घेऊन मागे जाईन आणि प्रत्येक कुलूप ओढून बघेन. उशीर होईल तेवढा होईल. केक मात्र येणार नाही. मागे भिंतीशी उभे असलेले माझे सहकारीही यापुढे केक आणणार नाहीत. त्यांची नावं मी घेत नाही, तुम्ही चेहरे ओळखता.

अध्यक्ष विनिताताईंनी मला मध्येच थांबवलं नाही, त्यांची मी ऋणी आहे. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपले मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणा वडीलधाऱ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर लेक समजून पोटात घाला. दिघे साहेबांनी पोटात घालावं, अशी माझी विनंती नाही.

काकू, सुरी तुम्ही घ्या. गाणं कुणी म्हणणार नाही. आणि सर, आज तुम्ही फक्त खायचा.