तीन समुद्र आणि पाखऱ्या

चाकणच्या ट्रॅव्हल ऑफिसात रांगेतला वर्षालीचा नंबर आला होता; पण शेजारच्या टेबलावर मॅडमसमोर गवराबाई आणि त्यांचे नवरे गेनूभाऊ युरोपची सहल ठरवत होते. ते ऐकायला मिळावं म्हणून तिनं तो नंबर मागच्याला खुशाल देऊन टाकला.

"म्याडम, दहा दिवसांत नीस, बार्सिलोना आन् लिस्बन. तिन्हीकडं ऊन आन् समुद्र पायजे."

"अगं, एक समुद्र बघितला की झालं! पाचव्या दिवशी आपली जत्रा हाय, बैलगाड्याची शर्यत हाय."

"अवो, तीस वर्सं तुमचा कुठला ना कुठला बैल आडवा येतोय. महाबळेश्वरावरनं बी दुसऱ्या दिशी माघारी आणलंत."

"माझ्याबिगर पाखऱ्या गाड्याला जुंपून घेत न्हाई गं."

"मग ऱ्हावा त्याच्यापाशी. म्याडम, दोनच तिकिटं काढा, माझं आन् धाकट्या जावंचं. आमी काष्टा खोचून लाटंत बसणार."

"आन् मी?"

"तुमी शर्यतीचा व्हिडिओ धाडा. सवड झाली तर बघू."

गेनूभाऊंनी मॅडमच्या कीबोर्डवर हात धरला.

"म्याडम, तीन करा. पाखऱ्याला धाकटा भाऊ जुंपील. त्याची बी बायको न्हाईच घरी!"